वृत्तपत्रवाचन आणि विद्यार्थ्याचा स्वतःचा अभिप्राय
(इयत्ता सहावी व सातवीच्या वर्गांसाठी तीन तासिकांचा पाठ)

प्राथमिक शाळांच्या दैनिक परिपाठात प्रार्थना, सुविचार व दिनविशेष यांच्या जोडीला वार्तावाचनासही स्थान दिलेले असते. एक विद्यार्थी पुढे येतो, चारपाच मथळे मोठ्याने वाचतो आणि रांगा वर्गाकडे वळतात. वाचणाऱ्याचे उच्चार सुधारतात, त्याला सभाधीटपणा येतो. हा लाभ लहान नव्हे. परंतु जे ऐकले त्याविषयी इतर मुलांना काय वाटले, हे विचारण्याची पद्धत पुष्कळ शाळांतून पडलेली नाही. कित्येकदा तर वाचणाऱ्या मुलासही वाचलेल्या शब्दांचा अर्थ उमगलेला नसतो. अशा वेळी बातमी कानावरून जाते, मनात उतरत नाही.

प्रस्तुत पाठाचा हेतू ही उणीव भरून काढण्याचा आहे. विद्यार्थ्याने बातमी किंवा लेख वाचावा, त्यावर स्वतःस काय वाटले ते लिहावे, आणि तसे का वाटले हेही सांगावे, एवढेच या पाठात साधावयाचे आहे. यासाठी महागडे साहित्य लागत नाही. आठवड्यातून एकदा मिळणारे एखादे दैनिक, फळा, खडू आणि प्रत्येकाची एक वही पुरेशी होते.

अभिप्रायाची परंपरा

मराठी वृत्तपत्रांचा आरंभ ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांच्या ‘दर्पण’ने झाला. त्यानंतर अवघ्या सोळा वर्षांनी, १८४८ मध्ये, गोपाळ हरि देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रे लिहिण्यास प्रारंभ केला. पुढे ती ‘शतपत्रे’ म्हणून प्रसिद्धी पावली. घडले ते छापावे आणि त्यावर विचारी माणसाने आपले मत निर्भयपणे लिहावे, या दोन्ही गोष्टी मराठी वृत्तपत्रांत अशा रीतीने आरंभापासूनच एकत्र नांदत आल्या आहेत.

शिक्षकाने ध्यानात घ्यावा असा दुसरा दाखला ‘केसरी’चा आहे. १८८१ मध्ये हे पत्र निघाले, तेव्हा गोपाळ गणेश आगरकर त्याचे संपादक होते आणि लोकमान्य टिळक त्यांचे सहकारी. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर दोघांचे मतभेद वाढले. १८८७ मध्ये आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले व १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींची संमतीची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. आगरकरांनी या कायद्यास पाठिंबा दिला. समाजाच्या सुधारणेत परक्या सरकारने कायद्याने हात घालू नये, या भूमिकेवरून टिळकांनी त्यास विरोध केला. बातमी एकच, माणसे दोन, दोन्ही विद्वान आणि देशहितास वाहिलेली. मते मात्र परस्परविरुद्ध. आजचा विद्यार्थी या प्रश्नावर आगरकरांच्या बाजूस उभा राहील यात शंका नाही. तथापि दोघांनीही आपल्या मताची कारणे वाचकांपुढे उघडपणे मांडली, म्हणूनच आज त्यांचा वाद तपासता येतो, ही गोष्ट वर्गात ठसवावयाची आहे.

या पाठाची निकड

पूर्वी गावात वृत्तपत्र एस.टी.ने येई आणि चावडीवर किंवा वाचनालयात चारजण ते मिळून वाचीत. आता वार्ता भ्रमणध्वनीवरून थेट घरात येते. ती कोणी लिहिली, केव्हा लिहिली, याचा पत्ता बहुधा तिच्यावर नसतो. अशा वार्तेने काय अनर्थ घडू शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा २०१८ च्या उन्हाळ्यात ठिकठिकाणी भ्रमणध्वनीवरून पसरल्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षेवर निर्वाह करणाऱ्या भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने याच संशयावरून ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचाहून अधिक ठिकाणी पुढे धाडण्यावर मर्यादा जाहीर केली.

मर्यादा यंत्राला घालता येते. विवेक मात्र माणसाच्या ठायीच निर्माण व्हावा लागतो. त्या जमावातील माणसे कोणत्या तरी शाळेत वाचावयास शिकलेली असतीलच. वाचलेल्यावर थांबून विचार करण्याची सवय मात्र निराळी असते, आणि ती वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी लावावी लागते. राज्यघटनेच्या ५१ क कलमात वैज्ञानिक दृष्टी व चौकसबुद्धी यांचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. त्या कर्तव्याचा पहिला धडा प्राथमिक शाळेच्या वार्तावाचनातच देता येतो.

पहिली तासिका : घटना, मत आणि अंदाज

शिक्षकाने एखाद्या बातमीवरील तीन वाक्ये फळ्यावर लिहावीत. उदाहरणार्थ :

(१) केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीसह पाच भाषांना अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली.
(२) हा निर्णय फार पूर्वीच व्हावयास हवा होता.
(३) या निर्णयामुळे मराठी शाळांची पटसंख्या वाढेल.

पहिल्या वाक्यात घटना आहे. ती खरी की खोटी हे कागदपत्रांवरून पडताळता येते. दुसऱ्या वाक्यात मत आहे. त्याच्याशी सहमत होता येते, असहमतही होता येते. मात्र मत देणाऱ्याकडे कारण मागता येते. तिसऱ्या वाक्यात अंदाज आहे. तो खरा ठरेल किंवा ठरणार नाही, हे काळच सांगेल. एवढा भेद समजला की मुलांच्या हाती वृत्तपत्राचे पान द्यावे आणि घटनेच्या वाक्याखाली सरळ रेघ, मताच्या वाक्याखाली नागमोडी रेघ व अंदाजाच्या वाक्याखाली तुटक रेघ मारावयास सांगावे.

हे काम करताना मुलांना एक गोष्ट आपोआप आढळून येते. बातमीच्या पानावर सरळ रेघा अधिक पडतात आणि अग्रलेखाच्या पानावर नागमोडी. कधी कधी बातमीच्या मथळ्यातच एखादे विशेषण मताचे काम करीत असते. ‘मोर्चा निघाला’ आणि ‘विराट मोर्चा निघाला’ या दोन मथळ्यांत अंतर कोणते, असे विचारले असता सहावीची मुलेसुद्धा ते नेमके दाखवितात. जाहिरात बातमीसारखी छापलेली असेल तर तीही ओळखावयास लावावी.

दुसरी तासिका : अभिप्राय लिहिणे

विषय मुलांच्या अनुभवाजवळचा असावा. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर या तालुक्यांत उसाच्या फडात बिबट्याची पिल्ले सापडल्याच्या बातम्या तोडणीच्या हंगामात येत असतात. त्यांपैकी एखादी घ्यावी. बातमीचा सारांश साधारण असा असतो : तोडणी चालू असता मजुरांना पिल्ले दिसली, काम थांबविण्यात आले, वन विभागाच्या माणसांनी पिल्ले तपासून त्याच जागी ठेवली, रात्री मादी आली व त्यांना घेऊन गेली. या बातमीबरोबर एक मतप्रदर्शक लेख द्यावा. त्यात समजा दोन सूचना आहेत : शेतकऱ्यांनी रात्री शेतात जाऊ नये, आणि सर्व बिबटे पकडून दूरच्या जंगलात नेऊन सोडावेत.

पहिल्या प्रयत्नात बहुतेक वह्यांतून साधारण असा मजकूर येईल : “बिबट्या हा हिंस्र प्राणी आहे. त्याच्यापासून सावध राहावे. सरकारने याकडे लक्ष द्यावे व जनजागृती करावी.” या तीन वाक्यांत चूक काहीच नाही, पण लिहिणाऱ्या मुलाचा पत्ताही नाही. शिक्षकास काय आवडेल याचा अदमास घेऊन ती लिहिलेली असतात. असा मजकूर रागावून खोडू नये. त्यावर केवळ प्रश्न विचारावेत. घरचे शेत कोठे आहे? उसात कधी गेला आहेस काय? लेखातील कोणते वाक्य वाचून थबकलास? ते घरी वाचून दाखविले तर आजी काय म्हणेल?

या प्रश्नांनंतर दुसऱ्यांदा लिहावयास सांगितले म्हणजे एखाद्या मुलीच्या वहीत अशा प्रकारचा मजकूर दिसू लागतो :

“आमची वस्ती उसाला लागूनच आहे. लेखात लिहिले आहे की रात्री शेतात जाऊ नये. हे मला पटले नाही. आमच्याकडे ज्या आठवड्यात वीज रात्रीची असते, त्या आठवड्यात आबा रात्रीच दारे धरायला जातात. नाही गेले तर ऊस वाळेल. आबा घरी येईपर्यंत आई जागी असते, मी पण जागी असते. म्हणून मला वाटते की वीज दिवसा द्यावी असे लेखात लिहायला हवे होते. पिल्ले आईला परत दिली हे वाचून मला बरे वाटले. मला बिबट्याची भीती वाटते, पण पिल्लाला आई पाहिजे.”

या अभिप्रायात चार गुण आहेत. लेखातील कोणत्या वाक्याशी मतभेद आहे, ते सांगितले आहे. मतभेदाचे कारण स्वतःच्या अनुभवातून दिले आहे. लेखकाने काय सुचवावयास हवे होते, तेही मांडले आहे. आणि भीती व दया या दोन भावना परस्परविरुद्ध असूनही दोन्ही प्रांजळपणे लिहिल्या आहेत. शहरात बसून लेख लिहिणाऱ्यास जे ठाऊक नाही ते या मुलीस ठाऊक आहे, ही जाणीव तिला होणे हाच या तासिकेचा खरा लाभ होय. खेड्यातील मूल वृत्तपत्राकडे बहुधा दुसऱ्यांच्या जगाची खबर म्हणून पाहते. त्यातील मजकुरास उत्तर देण्याइतके ज्ञान स्वतःपाशी आहे, असा विश्वास त्याच्या ठिकाणी शिक्षकानेच उत्पन्न करावयाचा असतो.

पहिले लेखन मुलांना घरच्या बोलीत करू द्यावे. ‘दारे धरणे’, ‘फड’, ‘बांध’ असले शब्द अभिप्रायाचे बळ वाढवितात. त्यांच्या जागी पुस्तकी शब्द घालण्याचा आग्रह धरू नये. शुद्धलेखन तपासावयाचे ते दुसऱ्या प्रतीत.

तिसरी तासिका : दुसऱ्याचे ऐकणे व मत पुन्हा तपासणे

या तासिकेस चारपाच मुलांनी आपले अभिप्राय वाचून दाखवावेत. ज्याला उत्तर द्यावयाचे असेल त्याने आधी पहिल्या मुलाचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत सांगावे, ते बरोबर सांगितल्याचे पहिल्याकडून वदवून घ्यावे, आणि मग आपले मत मांडावे. या एका नियमाने वर्गातील गलका निम्मा कमी होतो व ऐकण्याची सवय लागते.

त्यानंतर शिक्षकाने नवी माहिती द्यावी. बिबटे दूर नेऊन सोडण्याचा उपाय जुन्नर परिसरात पूर्वी प्रत्यक्ष करून पाहिला गेला होता. त्याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. जेथे बिबटे नेऊन सोडले, त्या ठिकाणांच्या आसपास माणसांवरील हल्ले वाढल्याचे त्यात दिसून आले. ही माहिती आधी सांगितली तर मुले तीच उत्तर म्हणून लिहून मोकळी होतात. स्वतःचे मत एकदा लिहून झाल्यावर ती मिळाली म्हणजे मत आणि पुरावा यांची गाठ कशी पडते, याचा अनुभव येतो.

आता प्रत्येकास विचारावे : मत बदलले काय? बदलले असल्यास कशामुळे, आणि बदलले नसल्यास का नाही? एखादा मुलगा लिहील, “आधी मला वाटत होते की बिबटे लांब सोडावेत. पण तिकडेही माणसे राहतात. त्यांच्या पोरांना भीती द्यायची हे बरोबर नाही.” दुसरा लिहील, “मला अजून वाटते की आमच्या वस्तीवर पिंजरा लावावा, कारण लहान पोरे अंगणात खेळतात.” दोन्ही अभिप्राय वर्गात आदराने ऐकले जावेत. पहिल्याने पुरावा पाहून मत बदलले; दुसऱ्याने आपल्या काळजीचे कारण सांगितले. मत बदलणे म्हणजे हार नव्हे, ही गोष्ट मोठ्या माणसांनाही उशिरा कळते. ती मुलांना लवकर कळावी.

भ्रमणध्वनीवरील वार्तेसाठी चार प्रश्न

खालील चार प्रश्न वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत कायमचे लिहून ठेवावेत. वार्ता पुढे धाडण्यापूर्वी ते स्वतःस विचारावयाचे आहेत :

(१) हे कोणी सांगितले? नाव आहे काय?
(२) हे केव्हाचे आहे? तारीख आहे काय?
(३) सांगणाऱ्यास हे कसे कळले?
(४) हे खोटे निघाले तर कोणाला इजा पोहोचेल?

चौथ्या प्रश्नापाशी शिक्षकाने अधिक वेळ थांबावे. राईनपाड्याची हकिकत सातवीच्या मुलांना मारहाणीचे वर्णन टाळून सांगता येते. आपल्या गावात उद्या एखादे अनोळखी बिऱ्हाड आले आणि असा संदेश फिरू लागला, तर घरातील मोठ्या माणसांना काय सांगाल, असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर ज्या मुलाने शाळेत एकदा विचारपूर्वक दिले आहे, ते मूल प्रसंगी घरात तेच बोलण्याचे धैर्य करील, अशी आशा बाळगता येते.

शिक्षकाने बाळगावयाचे पथ्य

पहिले पथ्य असे की, शिक्षकाने स्वतःचे मत आधी सांगू नये. गुरुजींचे किंवा बाईंचे मत कळताच वर्गातील सर्व वह्या एकसारख्या होतात. चर्चेच्या शेवटी मुलांनी विचारलेच तर मत कारणासह सांगावे व त्यावरही प्रश्न विचारण्याची मुभा द्यावी. मात्र पक्ष, निवडणूक आणि गावातील गट यांविषयीची स्वतःची मते शाळेच्या उंबरठ्याबाहेर ठेवणेच योग्य.

दुसरे पथ्य विषयाच्या निवडीचे. कर्ज, आत्महत्या, व्यसन, जातीय तंटा असे विषय वृत्तपत्रात नित्य येतात, आणि वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी तेच दुःख असू शकते. असा विषय निवडण्यापूर्वी प्रत्येक मुलाच्या घरची परिस्थिती आठवून पाहावी. एखाद्याने स्वतःहून घरचे दुःख वहीत लिहिले, तर ते वाचून दाखविण्यास सांगू नये. वही मिटून त्या मुलाशी एकान्तात बोलावे. त्याने शिक्षकावर टाकलेला तो विश्वास असतो.

तिसरे पथ्य असे की, न बोलणाऱ्या मुलाचा हक्क जपावा. १९८९ च्या बालहक्क करारात, जो भारताने १९९२ मध्ये स्वीकारला, बालकास स्वतःचे मत बनविण्याचा व स्वतःशी संबंधित बाबींत ते मांडण्याचा हक्क दिलेला आहे. हक्क म्हटला की तो वापरावयाचा केव्हा हे मुलाने ठरवावयाचे असते. जे मूल वर्गात बोलत नाही, त्याला लिहू द्यावे. जे लिहू शकत नाही, त्याला चित्र काढू द्यावे किंवा सांगू द्यावे.

मूल्यमापन

अभिप्रायास गुण देताना मत कोणते आहे, याकडे पाहू नये. बातमीतील मजकूर बरोबर समजला आहे काय, स्वतःचे मत त्यापासून वेगळे दाखविले आहे काय, त्यास कारण दिले आहे काय, आणि दुसऱ्याच्या मताचा विचार केला आहे काय, या चार गोष्टी पाहाव्यात. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदीत ‘चर्चेत भाग घेतो’ एवढेच लिहिण्यापेक्षा ‘नवी माहिती मिळाल्यावर आपले मत तपासून पाहतो’ अशी नेमकी नोंद करावी. शिक्षकाच्या मतास सकारण विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यास पूर्ण गुण मिळाले, हे वर्गाने एकदा पाहिले म्हणजे पुढील काम पुष्कळ सोपे होते.

स्वाध्याय

(१) एकाच घटनेची दोन वृत्तपत्रांतील बातमी कात्रणवहीत शेजारी शेजारी चिकटवा. दोहोंत सारखे काय व वेगळे काय, ते लिहा.
(२) अग्रलेखातील न पटलेले एक वाक्य उतरवून घ्या व न पटण्याचे कारण पाच ओळींत लिहा.
(३) घरातील वडीलधाऱ्या माणसास एक बातमी वाचून दाखवा. त्यांचे मत आणि स्वतःचे मत अशी दोन मते लिहा.
(४) ‘वाचकांचा पत्रव्यवहार’ या सदरासाठी गावातील रस्ता, पाणी किंवा शाळा यांविषयी एक पत्र तयार करा. पत्रात पाहिलेली गोष्ट आधी व मत नंतर लिहा.

चौथ्या स्वाध्यायातील निवडक पत्रे पालकांच्या संमतीने खरोखरच वृत्तपत्राकडे किंवा ग्रामपंचायतीकडे धाडावीत. छापले जाईल किंवा न जाईल, उत्तर येईल किंवा न येईल. परंतु विचारपूर्वक लिहिलेले मत पत्त्यावर पोहोचविणे हे नागरिकाचे काम आहे, हे विद्यार्थ्यास त्यातून कळेल. परिपाठातील दोन मिनिटांच्या वार्तावाचनास असा आशय लाभला, तर त्यासाठी वेगळा तास मागण्याचीही फारशी गरज उरणार नाही. भाषेच्या तासिकेतच हे काम आठवड्यातून एकदा सहज होऊ शकते.